ग्रहणाच्या पोस्टखालची कमेंट

पनवेल, २७ फेब्रुवारी २०१८, मंगळवार

वहिनी आज दवाखान्यातून घरी आली. चौथ्या महिन्यातच बाळ गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, कुणाचीच चूक नसते. मला पटतं. पटतंच ना?

गेल्या महिन्यात ग्रहणाच्या दिवशी मी माझ्या फेसबुक पेजवर आकृती टाकली होती. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, बाकी काही नाही, गरोदर बायकांनी खुशाल चिरावं-कापावं. त्याखाली वहिनीची कमेंट आहे, "भावजी, मी आता बोंबील कापतेय. काय नाय होत!" पुढे हसरा चेहरा.

आईनं विळी माळ्यावर टाकून दिली.

रडू येत नाही. जेवलो, भात दोनदा घेतला. मोबाईलवर परत तो हसरा चेहरा बघितला. पोस्ट काढावी का? तिला तरी दिसणार नाही. शेवटी तिलाच विचारलं. भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"नको भावजी," ती म्हणाली. "काढलीत तर माझ्यामुलंच झालं, असं होईल."