पाठ करून बसणारा

बुधवार संध्याकाळ, सेलू

कुत्रा परत करायच्या आधी त्याला सुई टोचून घ्यावी, म्हणून आज जनावरांच्या दवाखान्यात गेले. कापसाच्या जिनिंगजवळ जखमी सापडलेला हा म्हातारा कुत्रा सुनंदाताईंनी बरा केला आणि दोन महिन्यांपूर्वी मला दिला. तेव्हापासून हा दाराकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून बसतो. हाक मारली तरी वळत नाही. शाळेत तीस वर्षं पोरं एका हाकेत वळायची, म्हणून मला जास्त लागलं का? असेल.

डॉक्टरांनी त्याच्या मागे स्टीलचं ताट हातात धरून खणखण वाजवलं. तो हलला नाही.

"बाई, ह्याला ऐकूच येत न्हाई. लय दिवसांपासून."

म्हणजे ती पाठ... मी रुसवा समजत होते. कोण आलं ते त्याला डोळ्यांनीच कळणार, म्हणून तो दाराकडे बघतो.

घरी आल्यावर मी त्याच्या मागे फरशीवर पाय आपटला. फरशीचा हादरा लागला तसा तो वळला, लंगडत आला आणि माझ्या पायावर हनुवटी टेकवून पडला. डोकं चांगलंच जड आहे.

सुनंदाताईंचा फोन आला. "उद्या आणायलाव ना त्याला?"

"न्हाई," म्हटलं. "राहू द्या इथंच."