ज्याचं डोकं त्याच्याच जागी

४ मार्च
आजपासून रोजनिशी. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात ठेवणार. दुसरी किल्ली सापडत नाहीये. कुणाकडे असेल ते मला ठाऊक आहे, पण तूर्त गप्प.

साहेबांनी आज दोघांना बोलावून सांगितलं की लॅबचं मोठं काम पुढची तीन वर्षं एकाच पद्धतीने चालेल. माझ्या, नाहीतर समोरच्या टेबलावरच्या बाईंच्या. २८ तारखेला दोघांनी आपापलं दाखवायचं. ज्याची पद्धत तो प्रमुख, दुसरा त्याच्या हाताखाली.

बाई सगळं जग करतं तेच करतात. माणसांच्या मेंदूंचे स्कॅन ताणून-दाबून एका सरासरी मेंदूच्या साच्यात बसवायचे आणि मग कुठला भाग कुठल्या भागाशी जोडलाय ते मोजायचं. मी त्यांना सरासरीबाई म्हणतो. मनात. मी मात्र प्रत्येकाच्या जोडण्या त्याच्याच मेंदूच्या नकाशावर मोजतो. ज्याचं डोकं त्याचं! इतकी साधी गोष्ट जगाला कळू नये?

संकल्प: कमी बोलणे, रोज संध्याकाळी चालणे, कुणावरही विश्वास न ठेवणे.

६ मार्च
सरासरीबाईंनी चहा घेणार का विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा! कुठेतरी पाणी मुरतंय. स्क्रीन बंद करून चहा घेतला. चांगला होता, त्यामुळे संशय वाढला.

चालायला गेलो नाही. ढगाळ होतं.

११ मार्च
प्रोग्रॅम तयार. आधी माझ्याच मेंदूवर चालवून बघितला. नवीन मशीन आलं तेव्हा मीच पहिला आत झोपलो होतो, तो स्कॅन. त्याचा प्रिंट घरी फ्रिजवर लावलाय. ही म्हणते, सकाळी सकाळी दूध काढताना भीती वाटते. असो. घरोघरी हेच.

माझ्यावर झकास चालला. लगेच तीस माणसांच्या स्कॅनवर सोडून दिला आणि घरी आलो. पुन्हा तपासत बसलो नाही. ज्यांना स्वतःवर भरवसा नसतो ते तपासतात.

१४ मार्च
निकाल आले! तिसांच्या जोडण्या तीस तऱ्हांच्या, बघत राहावं अशा. आणि एक गंमत. डाव्या कानाच्या वर मेंदूला एक बारीक खळी आहे. तीसच्या तीस जणांना, अगदी त्याच जागी. पुस्तकांत कुठेही उल्लेख नाही.

म्हणजे शोध लागला की! खळीला माझं नाव द्यावं लागेल. आडनाव जरा लांबलचक आहे, पण लोकांना होईल सवय.

१५ मार्च
शोधबिध काही नाही, कट आहे. दात घासताना लक्षात आलं. तीस मेंदू एकसारखे दिसतात म्हणजे कुणीतरी माझ्या फायली गुपचूप साच्यात घातल्यात. आणि इथे साचा कोणाकडे असतो? नाव लिहीत नाही. (सरासरीबाई.)

पासवर्ड बदलला. भयंकर अवघड ठेवलाय.

१६ मार्च
पासवर्ड आठवेना. कॉम्प्युटर लॉक झाला. सरासरीबाईंनीच कॉम्प्युटरवाल्याला फोन करून उघडून घेतला. यांना एवढी घाई का?

१८ मार्च
काल जाताना कीबोर्डवर बिस्किटाचा चुरा पसरून ठेवला होता. आज चुरा गायब. टेबलावर मुंग्या होत्या खऱ्या, पण मुंग्या इतक्या सफाईने काम करत नाहीत.

२१ मार्च
हद्द झाली. तिसांपैकी बावीस नंबरचे काका, पूर्वी ट्रक चालवायचे. डोक्यातली गाठ काढली तिथे लिंबाएवढी पोकळी राहिलीये. असला मेंदू साच्यात बसवणं म्हणजे त्याचा छळ. माझी सगळी मदार या काकांवर. आज चित्र उघडतो तर पोकळी नाही! मेंदू कसा भरलेला, गुटगुटीत.

स्कॅनवाल्याला धरलं. माणूस बदललास का म्हणून विचारलं. तो म्हणाला, काकांना मीच हाताला धरून झोपवलं, शंका असेल तर मूळ स्कॅन उघडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. तेव्हाच ओळखलं, हाही सामील. मूळ स्कॅन मुळीच उघडला नाही. यांनी सांगायचं आणि मी करायचं? मी काय दूधखुळा आहे?

२४ मार्च
लॅपटॉप घरी आणला. काकांचं चित्र लावून बसलो होतो. ही फ्रिज उघडता उघडता थांबली. एकदा दारावरच्या प्रिंटकडे, एकदा लॅपटॉपकडे बघितलं आणि म्हणाली, हे तुझंच डोकं आहे. मी म्हटलं, हे काका आहेत, सत्तरीचे. ती म्हणाली, दोन वर्षं रोज बघतेय ती खळी, मला नको शिकवूस.

हिला शांतपणे विचारलं की सरासरीबाईंशी तुझी ओळख कधीपासूनची. त्यावर भांडी आपटली. मनात काही नसेल तर माणूस भांडी आपटेल कशाला?

२६ मार्च
साहेबांकडे लेखी तक्रार. माझ्या फायलींमध्ये ढवळाढवळ झाली आहे. कोणी कधी हात लावला याची कॉम्प्युटरमधली नोंद २८ला सर्वांसमोर वाचावी. साहेबांनी विचारलं, नक्की ना? सर्वांसमोर? मी म्हटलं, सर्वांसमोरच. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. आदराने.

शर्टाला इस्त्री केली.

२८ मार्च
नोंद वाचली.

फायलींना हात लावणारा एकच माणूस. मी.

मग कॉम्प्युटरवाल्याने माझा प्रोग्रॅम मोठ्या पडद्यावर उघडला. ज्याचा-त्याचा नकाशा जिथे घ्यायचा, तिथे माझ्या स्कॅनचं नाव. ११ तारखेला घातलेलं, काढायचं राहिलेलं. म्हणजे तिसांच्या जोडण्या मी माझ्या डोक्यात कोंबून मोजल्या. काकांच्या पोकळीच्या जागी माझाच मेंदू.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. फार लाज वाटली. सरासरीबाई म्हणाल्या, चूक एका ओळीची आहे, पद्धत चांगली आहे. साहेब म्हणाले, पद्धतीबद्दल मला शंका नाही.

प्रमुख त्या.

घरी चालत आलो. संकल्प एकदाचा पूर्ण झाला.

३१ मार्च
टेबल हलवलं, आता सरासरीबाईंच्या शेजारी. दुसरी किल्ली माझ्याच जुन्या जॅकेटच्या अस्तरात सापडली.

ती ओळ दुरुस्त करून काकांचा स्कॅन पुन्हा चालवला. आता पोकळी दिसते, आणि जोडण्या तिच्या कडेकडेने वळसा घालून पलीकडे जातात. राहवलं नाही म्हणून बाईंना दाखवलं. बघत बसल्या. चहा मागवला. मी संशय घेतला नाही. थोडाच घेतला.

घरी फ्रिजवरचा प्रिंट हिने उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर दूधवाल्याचा नंबर लिहिलाय.

बाई आता लॅबचा स्वतःचा सरासरी मेंदू बनवतायत. ज्यांचे ज्यांचे जुने स्कॅन आहेत ते सगळे घेतले, माझाही. मी मोठ्या मनाने म्हटलं, माझी ती खळी तुमच्या सरासरीत घोळ घालेल, हवं तर मला वगळा. त्या म्हणाल्या, असू द्या हो, एका डोक्याने काही फरक पडत नाही.