धोंडाबाईंची पाणीपाळी

इंदिरानगर, नाशिक
३ मार्च

ती. नवसामावशीस,
साधनाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून आपलं पत्रांचंच बरं. गच्चीवर झाडं लावणाऱ्या आम्हा हौशी लोकांचं मंडळ यंदा माझ्या गळ्यात पडलं आहे. पगार नाही, मान नाही, तक्रारी मात्र भरपूर. पाहुणे बोलावून भाषणं ठेवायची आणि सभासद एकेक करून गळत जायचे, असं चाललं होतं. शेवटी मी सभेतच विचारलं, की तुम्हाला मंडळाकडून हवंय तरी काय. संतोष पाटोळे म्हणाले, भाषणं पुरे, आम्ही गावाला गेलो की झाडांना पाणी घालायला माणूस द्या.

मला तुमचा पाट आठवला, नाव पुकारलं की ज्याची पाळी त्याने पाणी द्यायचं. एकमेकांच्या झाडांची पाणीपाळी सुरू केली, नावं वाचून पाळ्या दिल्या. न आलेल्यांनाही दिल्या, त्यात दिंडोरीकडच्या धोंडाबाई. त्या कुंडीतल्या गुलाबालाही शेतातल्यासारखं मातीचं आळं करतात, म्हणून आम्ही त्यांना हसायचो. बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत. त्यांना कळवायचं आहे.

काकांना नमस्कार. माया असू दे.
तुझी, साधना

सायखेडा
९ मार्च

चि. साधनास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

लहानपणी पाटाचं पाणी भलत्याच वाफ्यात सोडून काकांचा कांदा बुडवलास, तीच तू आता शहराला पाणीपाळी शिकवतेस. काका हसून हसून खोकले. पण युक्ती चांगली आहे.

एक विचारते. धोंडाबाई दिसल्या नाहीत म्हणतेस, मग घरी कोणी गेलं होतं का? आमच्या भजनाला एखादी आली नाही, तर दुसऱ्या दिवशी चौघी तिच्या दारात उभ्या असतात. उन्हात डोक्यावर काही घेत जा.

लोभ आहेच, पत्र धाडून तो वाढव.
नवसामावशी

इंदिरानगर
१६ एप्रिल

ती. मावशीस, शि. सा. न.

माझं चित्त थाऱ्यावर नाही. आमच्यातली स्नेहा गावाहून परतली. तिच्या झाडांची पाळी धोंडाबाईंची होती. ऐन उन्हाळ्यात गुलाब टवटवीत, आणि प्रत्येक कुंडीत ओलं आळं. ती धोंडाबाईंचं कौतुक करत होती, पण त्यांना कळवायचं तर माझ्याकडून राहूनच गेलं होतं. शिवाय स्नेहाच्या गच्चीची किल्ली सगळा वेळ माझ्याच कपाटात होती.

मग त्यांच्या घरी गेले. मुलाने, सोमनाथने, दार उघडलं. धोंडाबाई पौषातच गेल्या. मंडळातलं कोणीतरी येईल म्हणून त्याने वाट पाहिली. शेवटच्या दुखण्यात त्या रोज विचारायच्या म्हणे, मंडळाची मीटिंग कधी हाय, मला कोणी सांगितलं नाय. मला तिथे बसवेना.

आता संतोष पाटोळे गावाला गेलेत आणि पाळी पुन्हा धोंडाबाईंचीच येते. मी जाऊन पाहिलं, माती ओली होती. लोकांना सांगितलं तर घाबरून मंडळ सोडतील, आत्ता कुठे परत यायला लागलेत. नाही सांगितलं तर ती म्हातारी अशीच उन्हात राबत राहील. मी काय करू?

साधना

सायखेडा
२२ एप्रिल

चि. साधनास, आशीर्वाद.

घाबरू नकोस. पाटाचं पाणी वळवून पिकाला बारे देणारा माणूस मध्येच बांध सोडत नाही. पुढचा येतो, "आण इकडं, माझी पाळी हाय" म्हणून त्याच्या हातातलं फावडं घेतो, तेव्हाच तो घरी जातो. तिचं नाव घेऊन पाळी तू दिलीस, तर तूच जाऊन ती परत घे. दिवसाउजेडी जा. पाण्याची झारी उचल, तेवढंच म्हण, आणि मग एक शब्दही न बोलता निघून ये. पुढचं बोलणं वाढवू नकोस.

तुझी काळजी लागली आहे, कसं झालं ते लगेच लिही.
नवसामावशी

इंदिरानगर
२९ एप्रिल

ती. मावशीस, शि. सा. न.

तू म्हणालीस तसं केलं. पाटोळ्यांच्या गच्चीवर ऊन रणरणत होतं. झारी उन्हातच होती, पण मूठ हाताला गार लागली. मी म्हटलं, धोंडाबाई, आणा इकडे, आता माझी पाळी. झारी एकदम हलकी झाली. त्यानंतर पाटोळ्यांची माती कोरडी पडली, आता मी जाऊन पाणी घालते.

सभेतही सांगितलं, की धोंडाबाई गेल्या आणि आपल्याला पत्ताही नव्हता. बाकीचं सांगितलं नाही. मंडळ सोडून कोणी गेलं नाही. उलट ठरलं, की जो सभेला येणार नाही त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी कोणीतरी जायचं.

तुझा हात असाच पाठीवर राहू दे.
तुझी, साधना

ता. क. एक गोष्ट लिहायची टाळत होते. त्या दिवशी पाटोळ्यांच्या गच्चीचं दार ओढून घेताना माझ्या तोंडून सवयीने गेलं, "या मग घरी, चहाला." आपण कोणालाही म्हणतो तसं. आज सकाळी माझ्या गॅलरीतल्या मोगऱ्याला ओलं आळं केलेलं आहे. मला फार भीती वाटते आहे, मावशी. पण मंडळातलं त्यांना कोणी कधी घरी बोलावलंच नव्हतं, आणि आता बोलावलं ते मीच. दोन कप चहा ठेवला आहे.