मी नॉर्मल म्हणाले होते

आरमोरी,
रविवार, दि. २४ ऑगस्ट २०२५

प्रिय भाऊ,

तुला आणि पूनमवहिनींना सप्रेम जयभीम.

एवढं जाड पाकीट पाहून वहिनी घाबरतील, म्हणून आधीच सांगते. इकडे कुणाचं काही वाईट झालेलं नाही. यांची बदली टळली. आमची हर्षा नागपूरच्या वसतिगृहात रुळली, आता सुटीत घरी यायलाही तिला आग्रह करावा लागतो. कॉलेजच्या वाचनालयात यंदा बरीच नवी पुस्तकं आली. त्यांच्यावर क्रमांक टाकण्यात माझा दिवस जातो आणि मला ते काम आवडतं.

फोन का केला नाही, असं तू विचारशील. तू फोन स्पीकरवर ठेवून एका हाताने झारा हलवत बोलतोस. मी ‘भाऊ’ म्हटलं की ठेल्यावरची चार गिऱ्हाइकं ‘काय म्हणता मॅडम’ म्हणतात. आज जे लिहायचं आहे ते त्यांच्यासाठी नाही. शिवाय एप्रिलपासून माझा फोन वहिनीच उचलतात, हेही आहेच.

वहिनी सांगत होत्या की आपल्या बांधीतला धान छान उभा आहे. ऐकून बरं वाटलं, कारण यंदाची रोवणी माझ्या हातून जवळजवळ बुडाली होती. गिरजाबाईने तुला तो किस्सा तिच्या पद्धतीने सांगितलाच असेल. माझ्या पद्धतीनेही ऐक.

दरवर्षी तूच बांधावर उभा राहतोस. यंदा तू वहिनींकरवी निरोप दिलास, ‘शिकलेल्या माणसाने करून पाहावं.’ मीही ईर्ष्येने चार दिवसांची रजा टाकून आले. अकरा वाजता बायकांना बांधावर काय द्यायचं, याचा मी आदल्या दिवशीपासून विचार करत होते. तुझे बोंडे नकोत, पाकिटातलं कुरकुरीत काही नको. म्हणून ज्वारीची आंबील केली, ताक घालून, जिरं घालून, मोठा गंज भरून. सोबत तांदळाच्या पिठाचे आयते, धिरड्यांसारखे पातळ. ते पावसात गार होऊन चामड्यासारखे झाले. पुस्तकात लिहिलेल्या सगळ्या गुणांची बेरीज त्या गंजात होती. फक्त आंबील उन्हाळ्यात पितात, एवढं माझ्या लक्षात आलं नाही.

सकाळपासून पाऊस धरून होता. बावीस बाया पोटरीएवढ्या चिखलात वाकलेल्या, अंगावर प्लास्टिकच्या खोळी. गिरजाबाईने पेला हातात घेतला, आत पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“मॅडमबाई,” ती म्हणाली, “पायाखाली पाणी, डोक्यावर पाणी, अन् तुमी पोटात बी पाणीच ओतून राह्यल्या?”

मी तिला तळलेल्या पदार्थांबद्दल सांगू लागले. तिने शांतपणे ऐकून घेतलं. वीस वर्षं आपल्याच बांधीत रोवते, मान ठेवते. मग म्हणाली, “तुमचं खरं हाये. पण सकाळपासून वाकून राह्यलो आमी. गरम कायतरी पोटात गेलं पायजे. उद्या आमी देवाजीच्या बांधीत जातो, तो समोसा देते.”

पऱ्ह्यांची रोपं आधीच वयात आली होती. आणखी आठ दिवस गेले असते तर रोवून उपयोग नव्हता. मी बांधावर गंजाशेजारी उभी राहिले आणि मला रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात गिरजाबाईने कमरेची पिशवी सोडून फोन काढला आणि तुला लावला. स्पीकरवरच.

पुढचं तुला माहीत आहे. तासाभरात तू मोटरसायकलवर डबा बांधून आलास. बायकांना गरम बोंडे दिलेस, चहा दिलास. माझ्याकडे पाहिलं नाहीस. एक स्टीलचा लहान डबा बांधावर ठेवलास आणि मी चार हातांवर उभी असताना गिरजाबाईला म्हणालास, “हा त्या मॅडमले देजा. बिनतेलाचं हाये म्हणून सांगजा. भाषण देणाऱ्याले चालन.”

बाया हसल्या. मीही हसले, पण तू मोटरसायकलकडे वळल्यावर. डब्यात हरभऱ्याच्या घुगऱ्या होत्या, बारीक कांदा, वर लिंबू पिळलेलं. अजून वाफ होती. म्हणजे तू बोंड्यांच्या घाईतही त्या वेगळ्या शिजवल्या होत्यास. मी बांधावर बसून सगळ्या खाल्ल्या. गिरजाबाईने तळहातावर मागून घेतल्या आणि म्हणाली, “हे तं चांगलं हाये. हेच काऊन नाई आणलं तुमी?”

आणि भाऊ, जाताना तू लंगडत होतास. डाव्या पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं. मी गिरजाबाईला विचारलं, तर ती म्हणाली की काटा लागला, महिना होऊन गेला, भरूनच नाही राह्यला.

आज इथेच थांबते.

सोमवार, २५ ऑगस्ट

काल थांबले ते काम होतं म्हणून नाही. पुढचं वाक्य सुचत नव्हतं. रोजनिशीत हे वाक्य मी चार महिन्यांत किती तरी वेळा लिहिलं आहे, पण तिथे वाचणारी मीच असते.

भीमजयंतीपासून सांगते. तू विहारातल्या भोजनदानाला दरवर्षी बोंडे देतोस. ते दान आहे, त्यात कुणी खोट काढत नाही. यंदा आरोग्यावर बोला असं मला कमिटीने सांगितलं आणि मी दीडशे माणसांसमोर, ज्यांच्या प्रत्येकाच्या हातात तुझा बोंडा होता, तेल, मैदा आणि बटाट्यावर वीस मिनिटं बोलले. तुझं नाव घेतलं नाही. पण ‘बसस्टँडवरची कढई’ म्हणाले, आणि आपल्या सावली गावच्या बसस्टँडवर आपल्यातली कढई एकच आहे. पुढच्या रांगेतल्या दादाजीकाकांनी बोंडा वर धरून विचारलं, “बाई, मंग हा खाऊ का ठेवू?” सगळा मंडप हसला. तू रिकामी पातेली गोळा केलीस आणि निघून गेलास.

तेलाबद्दल मी बोलले ते खोटं नव्हतं. तू कालच्या तेलात आजचं ओततोस. तुझ्या ठेल्यामागच्या बाकावर बसून मी बारावीचा अभ्यास केला आहे, मला माहीत आहे. मी शिकावं म्हणून तू स्वतःचं शिक्षण सोडून ती कढई मांडलीस, हेही माहीत आहे. ते तेवढं मी भाषणात सांगितलं नाही. याची माफी मी वहिनींकडे मागितली होती. तुझ्याकडे आज मागते. पण या पत्राचं कारण तेही नाही.

भाषणाच्या आधी विहाराच्या ओसरीवर रक्त तपासणीचं शिबिर होतं. आपण दोघं रांगेत होतो, मी पुढे, तू माझ्या मागे. बोटातून रक्त घेऊन लगेच सांगत होते. तिथल्या मुलीने मशीन माझ्याकडे वळवून दाखवलं आणि कागदावर आकडा लिहिला. दोनशे शहाऐंशी. मी कागदाची घडी केली. तू मागून विचारलंस, “किती निघाली?”

मी म्हणाले, “नॉर्मल आहे.”

आणि तू हसून म्हणालास, “मंग माही बी नॉर्मलच असन. एकाच आईचे तं हावो.” आणि रांगेतून बाहेर पडून बोंडे तळायला गेलास.

मी तुला हाक मारली नाही. अर्ध्या तासाने मला बोलायचं होतं आणि आरोग्यावर बोलणाऱ्या बाईलाच साखर आहे, हे मंडपात पसरायला नको होतं. एवढंच कारण. मी पुष्कळ शोधलं, याहून बरं कारण सापडलं नाही. त्या दिवशी माझ्या आवाजाला जी धार होती, ती तुझ्या कढईवरची नव्हती. मी स्वतःवर चिडले होते आणि समोर तू होतास.

आणि माझी साखर तुझ्या बोंड्यांनी वाढली असंही नाही. मी सावलीला वर्षातून चारदा येते. इथे कॉलेजच्या कॅन्टीनचा समोसा रोज साडेअकराला, चारला बेकरीचं काहीतरी, घरी येताना शनिवारी बसस्टँडवर मंचुरियन, तेही उभ्याने, ओळखीचं कुणी पाहू नये म्हणून ठेल्याच्या मागच्या बाजूला. अकरा वर्षं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी ‘कधीतरी खाते’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत जाऊन खरं सांगितलं. त्या म्हणाल्या की खाणं एक, बैठं काम दुसरं, आणि आईला होती का? मी हो म्हणाले.

आईचंही काट्यानेच सुरू झालं होतं, भाऊ. आपण हळद भरत राहिलो.

आता माझं सांगते, म्हणजे तू काळजी करणार नाहीस. मी बरी आहे. खरंच बरी आहे, हे ‘नॉर्मल’सारखं नाही. गेल्या महिन्यात उपाशीपोटी एकशे अठरा निघाली. मी रोज गोळी घेते. नुसत्या घुगऱ्यांनी साखर गेली असं कुणाला सांगू नकोस, लोक गोळ्या सोडतात. पण खाण्यानेही फरक पडला. सकाळी चालून येते. कॅन्टीनच्या वेळी घरून नेलेलं खाते, कधी मोड आलेले मूग, कधी भाकरी आणि जवसाची चटणी. पावसाळ्यात तरोट्याची भाजी आठवड्यातून दोनदा. पहिला महिना फार वाईट गेला. साडेअकरा वाजले की बोटं आपोआप पर्सकडे जायची. आता जात नाहीत असं नाही, पण कमी जातात. एकदा जुलैत मी समोसा खाल्ला आणि तसं रोजनिशीत लिहिलं. चांगला होता.

बाजारात धानोऱ्याकडची बुधरी नावाची एक बाई कोदोचं भरडधान्य घेऊन येते. मी दर आठवड्याला घेते, तर परवा तिने माझी थट्टाच केली. म्हणाली, “आता साहेबलोक कोदो मांगतेत अन् माहे पोरं नूडल मांगतेत. अदलाबदल करून टाकू का, बाई?” तिथेच दगडावर बसून आम्ही दोघी बराच वेळ हसलो.

वहिनी सांगत होत्या, रोवणीनंतर तू ठेल्यावर सकाळी घुगऱ्यांचं एक पातेलं ठेवतोस. विकल्या जात नाहीत, अर्ध्या उरतात आणि त्या तुम्हा दोघांनाच खाव्या लागतात. वहिनी तक्रार करत होत्या, मी मात्र फोन ठेवल्यावर एकटीच हसत बसले. ठेला बंद कर असं मी म्हणणार नाही. पावसात वाकलेल्या बाईला गरम काय द्यायचं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तेल मात्र रोज नवं घे. हे भाषण नाही, एवढंच एक वाक्य आहे.

आता ज्याच्यासाठी दोन दिवस लिहिते आहे ते. येत्या सोमवारी, १ सप्टेंबरला, मी रजा टाकली आहे. माझी तपासणी आहेच. सकाळी आठला मी गडचिरोलीच्या बसस्टँडवर उतरेन. तू सावलीहून पहिल्या बसने ये. दोघं मिळून दवाखान्यात जाऊ, दोघांचंही रक्त देऊ आणि तुझा अंगठा दाखवू. माझा कागद आला की मी घडी घालणार नाही, आधी तुझ्या हातात देईन. तुझा काहीही आकडा निघो, तो मी चार महिने उशिरा काढायला लावला, हे मला माहीत आहे. त्याबद्दल तुला जे बोलायचं असेल ते तिथे बोल, वाटलं तर मोठ्याने बोल. बसस्टँडवर ऐकायला माणसं असतीलच.

यायचं नसेल तर निरोप पाठवू नकोस. साडेनऊपर्यंत वाट पाहीन आणि मिळेल त्या बसने सावलीला येऊन, तशीच उपाशी, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसेन. मग तूच ठरव, दिवसभर मला तिथे बसलेलं पाहवतं का.

हे पत्र वाचून वहिनींना दे. त्यांच्यापासूनही मी लपवलं होतं.

रविवारी लवकर जेव. सोमवारी सकाळी पाण्याशिवाय काही घेऊ नकोस. चहासुद्धा नाही.

तुझ्या आधी हात पुढे करणारी,
तुझी लहान बहीण,
नूतन