पुढे वाचायचं नाही

प्रिय माऊ,

तू फोन मध्येच ठेवून दिलास, म्हणून हे पत्र. तसंही फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, अगदी बाबांवर गेली आहेस. इथे बरं, मध्ये बोलायला कुणी नाही.

तुझं म्हणणं मला पाठ झालंय. तुझ्या घरी माझ्यासाठी खोली तयार आहे, खिडकीशी आरामखुर्ची आहे, जावईबापूंनी स्वतः वाचायला दिवा बसवलाय, आणि आई मात्र एका कादंबरीपायी येणं पुढे ढकलतेय. त्यावर तू तीच कादंबरी विकत घेऊन पाठवलीस. घरी बसून पटकन संपव आणि सामान बांध! पोरी, तुझ्या मायेला तोड नाही, पण कधीकधी डोकं गहाण ठेवतेस बघ.

आमचा वाचनाचा वर्ग तू पाहिलेला नाहीस. सकाळी तिथे लहान मुलांची शाळा भरते आणि दर बुधवारी संध्याकाळी आम्ही थोराड मंडळी जाऊन बसतो. बाक एवढेसे की गुडघे पोटात जातात. फळ्यावर सकाळचा भागाकार असतो, तोही चुकलेला, पण पुसायचा नाही अशी ताकीद आहे. आमच्या बाई तुझ्याहून लहान, पण शिस्त म्हणशील तर काही विचारू नकोस. पुस्तकं कपाटात आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये. पाळीपाळीने मोठ्याने वाचायचं, घंटा झाली की मिटायचं, मग वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल. पुढे वाचायचं नाही म्हणजे नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही काय बालवाडी आहे का? आता सोमवारपासूनच बुधवारची साडी काढून ठेवते.

कादंबरीत एक घड्याळजी आजारी पडलाय. आमच्यातले एक गृहस्थ जन्मभर बस चालवून निवृत्त झालेत, त्यांना आम्ही हॉर्न म्हणतो, कारण ते दर परिच्छेदाला मध्येच वाजतात. अंगात एवढा ताप असताना दुकान उघडतोस कशाला, म्हणून त्या पुस्तकातल्या माणसालाच दरडावतात. माझ्या शेजारची नर्स ड्युटी करून येते आणि दुसऱ्या पानापर्यंत डुलायला लागते. जागी झाली की तिला मधलं सगळं सांगावं लागतं, आणि सांगताना आमची जुंपते, कारण प्रत्येकाने वेगळंच ऐकलेलं असतं. खरं सांगू, त्या भांडणातच मला गोष्ट कळते. माझी वाचायची पाळी आली आणि कुणी हसलं की वाटतं, हे सगळं मीच लिहिलंय. घरी तेच पुस्तक घेऊन बसले तर एकच पान परत परत वाचलं आणि दूध उतू गेलं.

पण मोह आवरला नाही गं. एका रविवारी दुपारी बसले आणि शेवटपर्यंत वाचून काढलं. घड्याळजी जातो. मी पुस्तक मिटलं, उठले आणि भांडी घासली. डोळ्यांत टिपूस नाही.

मागच्या बुधवारी वर्गात गेले तर हॉर्न छातीठोकपणे सांगत होते, हा गडी उठणार, माझ्याकडून लिहून घ्या. नर्स नेमकी त्या दिवशी टक्क जागी. ताप उतरतोय म्हणजे लक्षण चांगलं आहे, असं ती म्हणाली. सगळे खुशीत, आणि सगळं ठाऊक असलेली मी एकटी त्यांच्यात हसरं तोंड करून बसलेली. मला एकदम हॉस्पिटलची ती खोली आठवली. तू अजून प्रवासात होतीस. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आणि आत येऊन बघते तर तुझे बाबा बाल्कनीच्या गजांना कोणता रंग द्यायचा ते ठरवत होते. मीही म्हटलं, हिरवा छान दिसेल. त्या दिवशी मी किती एकटी होते, हे तुला कधी सांगितलं नाही.

काल वर्गात ते पान आलं. वाचायची पाळी हॉर्नचीच होती. ते मध्येच थांबले आणि बराच वेळ नाक पुसत राहिले. रोज मरणं बघणारी नर्स सगळ्यांत जास्त रडली. घंटा झाली तरी कुणी उठेना, बाईंनीही पुस्तकं मागितली नाहीत. आणि माऊ, मी रडले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, त्या एवढ्याशा बाकावर, पोटभर रडले.

म्हणून हे पत्र. मी येणार आहे गं, नाही म्हटलंय कुठे? थोडी पानं उरलीत, ती संपली की निघते. फक्त मला त्या छान खोलीत एकटीला पुस्तक देऊन बसवू नकोस. तुझ्या घराजवळ असा एखादा वर्ग शोधून ठेव, बाक कितीही कडक असू देत. नाहीच मिळाला तर बुधवारी संध्याकाळी तू, मी आणि जावईबापू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसू आणि पाळीपाळीने वाचू. किल्ली मात्र तुझ्याकडे ठेव, माझा काही भरवसा नाही. अगं बाई, लिहिता लिहिता तुला शेवटच सांगून टाकला की! जाऊ दे. या वेळी तो आपल्या दोघींना ठाऊक आहे.

तुझीच,
पुढचं वाचून बसलेली आई