डावा कान

४ एप्रिल, बेसा

पोचलो. नागपूर स्टेशनवर ताई स्कूटर घेऊन उभी होती. पहिला प्रश्न, "कोणता कान?" डावा म्हटलं. "मंग उजवा पुढं करून बस. मले रस्ताभर बोलायचं आहे."

आन् बोललीच. बेसा येईस्तोवर.

तिले जे सांगितलं तेच इथं लिहून ठेवतो. पाण्याखाली जसजसं जाऊ तसा पाण्याचा दाब कानाच्या पडद्यावर येते. नाक दाबून आतून हवा फुंकायची, मंग दोन्हीकडचा दाब सारखा होते. मले सर्दी होती. उजवा कान मोकळा झाला, डावा नाही झाला. आता होईल, आता होईल म्हणत खाली गेलो. कट् असा आवाज आला. थंड पाणी आत घुसलं आन् सगळा समुद्र गरगर फिरला. वर कोणतं, खाली कोणतं, समजेच ना. माहा बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, संदीप बाजूलाच होता, त्यानं पट्टा धरून वर आणलं.

नेव्हीच्या डायव्हिंग स्कूलच्या चीफनं सिक लीव्हचा कागद देताना एवढंच म्हटलं, "ठीक हो के आ. अगली बैच में बैठ."

मेडिकल पास झालो तं पुढची बॅच. नाही तं परत जहाजावर, जुन्या कामावर. डायवरचं नाव काढायचं नाही मंग.

होईन पास.

६ एप्रिल, बेसा

धंतोलीत कानाच्या डॉक्टरकडं गेलो. ताई त्याच गल्लीतल्या दवाखान्यात नर्स आहे, म्हणून नंबर लवकर लागला. बाकावर यवतमाळकडचे एक आजोबा होते.

"काय झालं गा पोरा?"

"समुद्रात कान फुटला, बाबाजी."

त्यायनं मले वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आमच्या इकडं तं काडी घालूनच फुटते. तू लय दूर गेला."

डॉक्टर म्हणे, भोक लहान आहे, आपसूक भरेल. पण आंघोळीचाही थेंब आत जायले नको. शिंक आली तं नाक दाबायचं नाही. पोहणं बंद.

पोहणं बंद म्हटलं, सराव बंद नाही म्हटलं.

१४ एप्रिल, उमरेड

जयंती. सकाळी विहारात वंदना, संध्याकाळी मिरवणूक. डीजे आला तसा कानावर हात ठेवून गल्लीच्या तोंडावरून घरी. आयुष्यात पहिल्यांदा जयंतीले मी घरात.

बाबा आले मागून. कोळशाच्या खदानीत डंपर चालवतात, त्यायले आवाजाचं काही वाटत नाही, पण आले. म्हणे, "समुद्र पाहाले म्हणून नेव्हीत गेला. आता समुद्राच्या खाली जातो म्हंतो. वरची नोकरी काय वाईट आहे?"

"वाईट नाही. पण मले ते काम येते, बाबा. खाली गेलो की डोकं शांत होते."

"कान फुटला तवा होतं का शांत?"

खरं तं होतं, पण हे सांगितलं असतं तं ते अजून चिडले असते.

आई ताटात पुरणपोळी वाढते, वर तूप, आन् कानाकडं पाहते. एकदाच म्हणे, "माह्या माहेरी कोणी विहिरीत नाही उतरलं, आन् तू!"

२३ एप्रिल, बेसा

ऊन भाजून राहिलं. पहाटेच धावून येतो, पाठीवर रेतीची बॅग. पाय बरे आहेत. श्वास बरा.

दुपारचा सराव ताईच्या गच्चीवर, डोळ्यावर पट्टी बांधून. खरं काम गढूळ पाण्यात असते. दिसत काहीच नाही, हातालाच दिसलं पाहिजे. स्कूलमध्ये मास्कची काच काळी करून सिलिंडर खोलाले-जोडाले लावतात. इथं सिलिंडर नाही. म्हणून कूलरचा पंप.

तीनदा खोलला, तीनदा जोडला. एक स्क्रू उरला, पण पंप चालून राहिला.

भाऊजी खालून ओरडले, "तुले जे खोलायचं ते खोल गा, पण कूलर दुपारचा चालू पाहिजे!"

कानाची नवी रीत पण सुरू. नाक दाबून जोर लावायचाच नाही. खालचा जबडा थोडा पुढं घ्यायचा आन् गिळायचं. आतल्या आत टिक् वाजते. उजव्यात लगेच वाजते. डाव्यात... कधी वाजते, कधी नाही. संदीपनं फोनवर सांगितलं, त्याचा कोर्स मस्त सुरू आहे. जळलो नाही. थोडा जळलो.

२ मे, बेसा

भोक भरलं!! डॉक्टरनं मले स्क्रीनवर दाखवलं, कानाचा पडदा पुरा. पाण्यात जायले परवानगी, पण स्विमिंग पूलपुरतीच. "खोल नाही. नवीन कातडी आहे, फाटली तर ऑपरेशन."

संध्याकाळी लगेच पूलवर. खोल बाजूले शिडी धरून एक-एक पायरी उतरलो. गिळलं. टिक्. अजून एक पायरी. टिक्. तळाले बसलो. वर पोरं उड्या मारून राहिले होते, खाली सगळं निळं आन् गप्प.

लय दिवसांनी घरी आल्यासारखं वाटलं. घर उमरेडले आहे, तरी.

९ मे, उमरेड

लिहावं का नाही कळत नाही.

दुपारी जेवत होतो. गल्लीतली दोघं-तिघं दारात आली. रोशन बुडाला. माह्यासोबत दहावीपर्यंत एका बाकावर होता तो. दोस्तांसोबत जुन्या गिट्टीच्या खदानीत पोहाले गेला, कधीची बंद आहे, नुसतं पाणी भरलं आहे. "तू नेव्हीत डायवर हाय न? चाल लवकर."

गेलो. तोवर लय वेळ झाला होता. जिवंत असण्याची गोष्टच उरली नव्हती, हे मले तिथं उभं राहताच समजलं. बाकीच्यायले समजायचं होतं.

हिरवं, जाड पाणी. कडा सरळ तुटलेल्या. मी बूट काढले. शर्टपण काढला. खरं सांगतो, अंग पुढं झुकलं होतं.

मंग थांबलो. सिलिंडर नाही, दोर नाही, बडी नाही, खाली किती खोल कोणालेच माहीत नाही. आन् डावा कान भरून जेमतेम आठवडा. असा उतरलो असतो तं उद्या दोघायले शोधावं लागलं असतं.

म्हटलं, "मी नाही उतरत. कोणीच उतरायचं नाही. पथक बोलवा."

पोलिसानं आधीच फोन केला होता. नागपूरचं आपत्तीचं पथक दुसरीकडं अडकलं होतं, सकाळी येणार. रोशनचा मामा अंगावर आला. "मंग काहेचा डायवर बे तू? वर्दी घालून फोटो काढाले?"

दोन जण कमरेले दगड बांधून उडी माराले निघाले होते, त्यायचे हात धरून मागं ओढले. एकानं शिवी दिली. घेतली.

मंग जे येते ते केलं. रोशनच्या दोस्तांले एकेक करून विचारलं, बुडाला तवा तू कुठं उभा होता? तिथंच उभं केलं. हात लांब करून दाखव म्हटलं, कुठं दिसला शेवटचा? एक पोरगा या कडेवर, दुसरा पल्याडच्या. दोघांच्या हाताच्या रेषेत काठावर खुंट्या ठोकल्या, वर चुना टाकला. दोन्ही रेषा जिथं कापतात, तिथं तो.

रोशनचे वडील एसटीत ड्रायव्हर. दगडावर बसून सगळं पाहत होते. जवळ गेलो तं म्हणे, "भेटन न गा तो?"

"भेटल काका. उद्या भेटल."

असा शब्द द्यायला नको होता. दिला.

१० मे, उमरेड

पथक सकाळीच आलं. प्रमुख मेश्राम साहेब. खुंट्या पाहून म्हणे, "हे कोणी ठोकलं?" मी सांगितलं कोण, कुठून, कान काय, सगळं. ते म्हणे, "उतरू तं देणार नाही तुले."

"मी मागतच नाही साहेब. दोर द्या."

त्यांचा एक माणूस कमी होता. थोडा विचार केला आन् दोर दिला.

डायवर खाली गेला की त्याचा जीव दोराच्या या टोकाले असतो. त्याले काही दिसत नाही. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोर अजून सोड. लागोपाठ झटके म्हणजे वर ओढ. डोळे पाण्यावर नाही, सगळं ध्यान बोटात ठेवायचं. मागं गर्दी होती, रडणं होतं, मले काही ऐकू आलं नाही. कानामुळं नाही.

रेषा कापतात तिथून सुरू केलं. पथकाचा डायवर खाली अर्धगोल फिरायचा, मी हातभर दोर सोडायचो, तो उलटा फिरायचा. मधेच दोर अडकला. जुनी लोखंडी तार होती खाली. ओढला नाही. ढिला दिला, थांबलो. त्यानं सोडवलं. एक झटका. ठीक.

नंतर थोड्याच वेळानं दोर गप्प झाला. मंग हळू, एकामागे एक झटके.

भेटला.

मेश्राम साहेबांनी पाठीवर हात ठेवला. मामा तिथंच होता. माह्याकडं आला, काल काठावरच राहिलेली माह्या बुटांची जोडी हातात होती त्याच्या. पायापाशी ठेवली आन् गेला.

काकांनी रोशनचा चेहरा पुसला. स्वतःच्या दुपट्ट्यानं.

मी पथकाच्या गाडीमागं जाऊन रडलो. लिहून ठेवतो.

१२ मे, उमरेड

आई दोन दिवस रोशनच्या घरीच होती. आज आली. भाकर टाकता टाकता, माह्याकडं पाठ करून बोलाले लागली.

"त्याच्या मायले पोराचं तोंड पाहाले भेटलं. नाही तं जलमभर त्या पाण्याकडं पाहत बसली असती."

"हो."

"त्या डायवरले पण माय असन न?"

"असन न वं आई."

भाकर फुगली, उलटली. "कोणाले तं उतराच लागते. तू जा. पण त्या दिवशी थांबला तसं थांबता आलं पाहिजे."

बाबा जेवत होते. मान वर न करता म्हणे, "आधी कान पहा म्हणा."

२० मे, बेसा

धंतोली. डॉक्टर म्हणे, पडदा चांगला झाला. मी विचारलं, समुद्रात टिकन का? म्हणे, "दाबाचं मी सांगू शकत नाही. ते तुमच्या लोकांचं मशीनच सांगेल." खरं बोलणारा माणूस.

रोज पूल. टिक् आता बहुतेक वाजते. बहुतेक. ताई म्हणे, "बहुतेक म्हणजे किती?" म्हटलं, लग्नात भाऊजी नाचतात तितकं. म्हणजे वेळ लागते, पण होते. भाऊजी ऐकून राहिले होते.

२५ मे, गाडीत

स्टेशनवर सगळे आले. बाबापण, ड्यूटी बदलून. गाडी सुटताना म्हणे, "फोन करजो." पास झाल्यावर का, नाही झाल्यावर, ते नाही बोलले.

सर्दी नाही. झोप बरी. भीती? आहे, पण बरोबर जागी आहे.

२८ मे

स्कूलमध्ये. मेडिकलसाठी प्रेशर चेंबरच्या बाहेर बाकावर बसून लिहितो. आतमध्ये बसवतात, दार लावतात आन् हवेचा दाब वाढवत नेतात, पाण्याशिवायच खोल. कान अडला तं हात वर करायचा. दोनदा वर झाला तं बाहेर.

बाजूले नवीन बॅचचा एक पोरगा, पंजाबचा. "डर लग रहा है, भाई?"

"भूख लग रही है."

हसला. मीपण.

आतले बाहेर आले. चौघं गेले होते. तिघं हसून राहिले, एक जण कान धरून सरळ चालत गेला, कोणाकडं पाहिलं नाही.

जबडा पुढं, गिळलं. उजवा टिक्. डावा... परत गिळतो.

चीफनं दार उघडं धरलं आहे. माह्याकडं पाहून मान हलवली.

वही बंद. जातो.