पस्तिशीच्या अलीकडे

टोकरखाडा, सिल्वासा
१२ फेब्रुवारी २०२४

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद. तू मोबाइलवर नुसता अंगठा दाखवतेस, म्हणून मी आपली पत्रच लिहिते. दादाचा गुडघा कसा आहे?

तुम्ही पुण्यात संगणकावर मांडलेलं गणित आमच्या आरोग्य केंद्रात नियम होऊन आलं बरं का! गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी फक्त पस्तीस ते पन्नास वयाच्या बायकांची. शनिवारी खेरडीत शिबिर झालं. यादीत चाळीस जणी, आल्या छत्तीस. मंजुळाबाईंसोबत त्यांची सून रोशनी आली होती. शिरपूरकडची, दादऱ्याला धाग्याच्या कारखान्यात कामाला आहे. म्हणाली, सुट्टी परत मिळायची नाही, माझंही बघून घ्या. वय एकतीस, त्रास काही नाही. मी परत पाठवलं. माझी भाची हेच काम करते, तिचं चुकत नाही, असंही वर ऐकवलं.

या म्हाताऱ्या नर्सवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
वासंती आत्या

पुणे
३ मार्च २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.
बाबा जिना चढतात, पण तुझं नाव काढलं की लंगडतात.

अगं, ते माझं एकटीचं गणित नाही. आम्ही लाखभर काल्पनिक बायकांची आयुष्यं संगणकावर चालवून बघतो. कोणत्या वयात तपासलं तर किती जणी वाचतात, ते मोजतो. तपासणारे हात थोडे असले, तर पस्तिशीपासून सुरुवात केल्यावर सर्वांत जास्त जीव वाचतात. तू नियम पाळलास ते बरंच केलंस.

तुझं प्रेम आहे तसंच असू दे.
सायली

टोकरखाडा
२१ एप्रिल २०२५

चि. सायलीस,
आशीर्वाद. आज दुसरं काही लिहवत नाही.

रोशनी परवा केंद्रात आली. दोन महिने अंगावरून जातंय, कारखान्यातल्या उभ्या कामाने असेल म्हणून गप्प बसली होती. मोठ्या दवाखान्यात कॅन्सरची तिसरी पायरी सांगितली आहे. आता मुंबईला किरणांचे शेक घ्यायचे. नवरा गोकुळ फाइल छातीशी धरून उभा होता. रोशनीने मला दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, की तेव्हा मी आले होते.

त्या शिबिरात न आलेल्या चार जणींचं सामान उरलं होतं. मीच ते कपाटात ठेवलं. तेव्हा तपासलं असतं तर दिसलं असतं का, असं डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही म्हणाले.

तिला काय सांगू, तेवढं कळव.
वासंती आत्या

पुणे
४ मे २०२५

ती. आत्यास,
सा. न.
तीन दिवस सगळं पुन्हा तपासलं. चूक सापडावी असं वाटत होतं. सापडली नाही. वय खाली आणलं की पस्तिशीपलीकडच्या जास्त जणी तपासणीतून सुटतात.

पण बोलावलेल्या बायका आल्याच नाहीत, तर त्यांच्या जागी कुणाला घ्यायचं, हे आम्ही गणिताला विचारलंच नव्हतं. नियम ठरवणाऱ्या समितीला तसं लिहिलं. फेरविचार दोन वर्षांनी, असं उत्तर आलं.

आणखी एक, आत्या. तुमच्या भागात पस्तिशीच्या आतल्या तीन बायका दर वर्षी आजारी पडतील, असं आमच्या तक्त्यात होतं. तो आकडा मीच भरला. लहान आहे म्हणून पुढे गेले.

रागावलीस तरी लिहीत राहा.
सायली

टोकरखाडा
१४ जून २०२५

चि. सायलीस,
आशीर्वाद. रागावले नाही.

रोशनी शेक घेऊन परत आली आहे. पार गळून गेलीय. हट्टच धरला, म्हणून तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ऐकून तिने विचारलं, की बाकीच्या दोघी कोण? त्यांना कुणी सांगितलं का? मी म्हटलं, नावं कुणालाच ठाऊक नसतात. त्यावर म्हणाली, कारखान्यात माझ्या खात्यात माझ्याच वयाच्या अकरा जणी आहेत, त्यांच्यातच असतील. मी काही बोलायच्या आत तिने गोकुळकडून सगळ्यांना निरोप धाडला, की उद्या रविवारी सिस्टर तपासतील.

केंद्रात विचारून आले. वयात बसत नाहीत म्हणाले, आणि कपाटाची किल्ली आता माझ्याकडे नसते. गोकुळला उलटा निरोप द्यायला सांगायचा धीर होत नाही, आणि एकेकीच्या घरी जाऊन नको सांगायचं, तर मला त्यांची घरं माहीत नाहीत.

तुला हे पत्र मिळेल तेव्हा त्या येऊन गेलेल्या असतील. तरी काय सांगायला हवं होतं, ते लिही.

तुझी,
वासंती आत्या